चार तास टिकेल अशी गाडी

ग्वाल्हेरला रेसकोर्स रोड आहे, पण मोटारी पळवायला ट्रॅक नाही. गाड्यांचं वेड मात्र या शहराला भरपूर. माधवराव शिंद्यांनी 1905 मध्ये सुरू केलेल्या मेळ्यात सवलतीत गाडी मिळणार असली, की घराघरांतली खरेदी तोवर थांबते. आम्ही इंजिनिअरिंगची मुलंमुली 2012च्या सुमारास शर्यतीची गाडी बांधायला निघालो, तेव्हा गाडी विकत कुठे घ्यावी हे सांगणारे शंभर भेटले. ती बांधावी कशी, हे सांगणारं कुणी नव्हतं.

आमची शर्यत होती ‘बाहा एसएई इंडिया’. अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात 1976 मध्ये सुरू झालेली ही विद्यार्थ्यांची स्पर्धा 2007 पासून इंदूरजवळच्या पिथमपूरला होऊ लागली. एका माणसाची, माती-दगडांतून पळणारी गाडी स्वतः आखायची आणि बांधायची. तेव्हा इंजिन सगळ्यांना एकच असे, 10 हॉर्सपॉवरचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, आणि त्याला हात लावायची मुभा नसे. आधी कागदपत्रांची आणि गाडीची तपासणी, मग ब्रेक, चढण, वळणं आणि शेवटी चार तासांची एन्ड्युरन्स. त्या चार तासांत ज्याचे फेरे जास्त, तो पुढे. इंजिन सारखंच असल्यामुळे शर्यत खरी ठरते ती बाकीच्या गाडीवर, म्हणजे ज्यांनी ती जोडली त्यांच्या हातांवर.

आमच्याकडे तसे हात कुठे होते? ते सापडले ग्वाल्हेरच्या हजीरा भागात. बिर्लानगरची जे. सी. मिल नव्वदच्या दशकात बंद पडली, पण तिथल्या फिटरांची कला बंद पडली नाही. ती आसपासच्या गल्ल्यांत, पत्र्याच्या शेडमध्ये, लेथ आणि वेल्डिंगच्या दुकानांत जाऊन बसली. आमचे उस्ताद अशाच एका फिटरचे चिरंजीव. रेसिंग त्यांनी टीव्हीवरसुद्धा पाहिलं नव्हतं. आमचं ड्रॉइंग त्यांनी उलटंसुलटं फिरवून बघितलं आणि एवढंच विचारलं, ‘‘बेटा, पलटेगी तो बच्चे का सिर कहाँ आएगा?’’ नियमपुस्तकातली पानंच्या पानं याच एका प्रश्नावर लिहिलेली आहेत.

दाणाओळीतल्या आमच्या घरी मराठी, कॉलेजात इंग्रजी आणि उस्तादांकडे हिंदी, असा माझा दिवस जायचा. गाडीचं खरं शिक्षण झालं ते तिसऱ्या भाषेत.

रोलकेजला, म्हणजे ड्रायव्हरभोवतीच्या पिंजऱ्याला, गेट किंवा खुर्च्यांना वापरतात तो पाइप चालत नाही. पोलादात कार्बन किमान 0.18 टक्के हवा, आम्ही घेतलेल्या पाइपाचा बाहेरचा व्यास 25.4 मिलिमीटर आणि जाडी 3 मिलिमीटर. तो बाहेरगावाहून मागवावा लागला, लॅबचा दाखला घ्यावा लागला. मग सुरू झालं ते जोडकाम. एका पाइपाचं टोक दुसऱ्याच्या गोलाईवर नेमकं बसेल असं खोलगट कापायचं. ग्राइंडरने ढोबळ कापून झालं, की कानस घ्यायची. दोन घासे मारायचे, लावून बघायचं, पुन्हा दोन घासे. उस्ताद जोडाच्या मागे बल्ब धरायचे. फटीतून उजेड आला, की काही न बोलता पाइप परत हातात द्यायचे. उजेड पूर्ण बंद झाला, की मगच सीओटू वेल्डिंगची गन हातात घ्यायचे. ऐन जानेवारीत, बाहेर दहा पावलांवरचं दिसत नाही अशा धुक्यात, बोटं आखडलेली असताना आम्ही ही घासाघीस केली. स्पर्धेच्या तपासणीत वेल्डिंगचे नमुने दाखवावे लागतात. एक जोड मोडून बघतात, दुसरा उभा चिरून आतपर्यंत धातू मुरलाय का ते पाहतात. आमचा चिरलेला नमुना बघून परीक्षकांनी मान डोलावली, तेव्हा मला पहिली आठवण झाली त्या बल्बची.

बाकीची गाडी रस्त्यावरच्या गाड्यांतूनच आली. गिअरबॉक्स महिंद्रा अल्फा टेम्पोचा, स्टीअरिंगचा रॅक मारुती 800चा, ब्रेकचे कॅलिपर मोटारसायकलचे. काही मित्रांना हे कमीपणाचं वाटे. मला कधीच वाटलं नाही. अमेरिकेतल्या ज्या नॅसकार मोटारशर्यतींचं जगभर कौतुक, त्यांतली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ गाड्यांची पहिली शर्यत 19 जून 1949 रोजी शार्लटला झाली ती मातीच्याच ट्रॅकवर, आणि लोक उतरले ते रोजच्या वापरातल्या गाड्या घेऊन. पुढे मोठं नाव झालेल्या ली पेटीने त्या दिवशी मागून आणलेली ब्यूक उलटवली होती. अल्फाचा गिअरबॉक्स ओझं वाहायला बनलेला. पहिल्या गिअरमध्ये इंजिन तीसेक वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. त्यामुळे चढणीवर गाडी दमत नाही, आणि शेवटच्या गिअरमध्ये ताशी 55-60 किलोमीटर मिळतात. खड्ड्यांच्या ट्रॅकवर तेवढे पुष्कळ झाले.

माझ्याकडे ब्रेक होते. नियम असा, की पेडल दाबताच चारही चाकं एकदम थांबली पाहिजेत; नाहीतर शर्यतीत प्रवेशच नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांना ऑइलच्या वेगळ्या लाइनी, म्हणजे एक फुटली तरी दुसरी धरते. लाइनीत हवा राहिली, की पेडल मऊ पडतं. ती हवा काढायला मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, हे मला गॅरेजमधल्या माझ्याहून लहान पोराने शिकवलं. मुरारच्या पुढे पडीक रानात आम्ही गाडी पळवायचो. ब्रेक लागला, की मी धावत जाऊन मुरमात उमटलेल्या रेघा बघायची. तीन ठळक आणि चौथी पुसट दिसली, की पुन्हा ऑइल, पुन्हा पाना. एका संध्याकाळी चारही रेघा सारख्या लांबीच्या उमटल्या, आणि त्या पुसू नयेत म्हणून मी गाडी दुसऱ्या बाजूने वळवायला लावली.

पैशांचं फार सांगण्यासारखं नाही. मंजूर झालेली रक्कम वेळेवर आली नाही. घरून, मित्रांकडून, उधारीवर भागलं. उस्तादांनी मजुरीचं बिल स्पर्धेनंतर केलं.

पिथमपूर ग्वाल्हेरहून सुमारे 500 किलोमीटर. शिवपुरी, गुना, ब्यावरा, देवास करत गाडी चढवलेल्या ट्रकमागून आम्ही निघालो. पुण्याच्या टीमचे तंबू, छापील टी-शर्ट आणि अवजारांच्या पेट्या बघून आमच्यातले काही गप्प झाले. तपासणी आणि ब्रेक दोन्हींत आम्ही पास झालो. एन्ड्युरन्सच्या दुसऱ्या तासाला पुढच्या चाकाला धरणाऱ्या विशबोनचा ब्रॅकेट सुटला. ट्रॅकवरून गाडी ओढून आणली, वेल्डिंगच्या रांगेत उभे राहिलो, आणि पुन्हा सोडेपर्यंत थोडाच वेळ उरला. तरी आमचा कप्तान झेंडा पडेपर्यंत फिरत राहिला. धुळीने त्याचे दात तेवढे पांढरे दिसत होते.

मोडका ब्रॅकेट मी पिशवीत घालून उस्तादांकडे नेला. त्यांनी तो भिंगाखाली धरला. जोड शाबूत होता. पट्टी शेजारून फाटली होती. ‘‘जोड़ नहीं टूटा, चादर टूटी,’’ म्हणाले, आणि त्याच दिवशी जाड पट्टीचे, दोन्ही बाजूंनी धरणारे ब्रॅकेट आखले. पुढच्या वर्षी आमची गाडी चार तास पुरी चालली. नंबर खालचाच होता. पण त्या रात्री हजीऱ्यात मिठाईचे डबे पोचले, आणि उस्तादांनी शेजारच्या लेथवाल्यांना बोलावून मोबाइलवरचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा दाखवला. उंचवट्यावरून गाडी उडून खाली आदळे तेव्हा सगळे ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे नाही, जोडांकडे बघत होते.

2015 पासून विजेवरची ‘ई-बाहा’ही सुरू झाली. टीममधली आताची पोरं फोन करतात, मोटर आणि बॅटरीबद्दल बोलतात. पेट्रोलच्या गाडीला गिअर टाकावे न लागणारा सीव्हीटी बसवायचा म्हणतात. सीव्हीटीने गाडी हलकी होईल, वेगही वाढेल, हे मला मान्य आहे. पण माझं मत अजून अल्फाच्या बाजूने आहे. तो बिघडला, तर रात्री नऊलाही हजीऱ्यात उघडता येतो.