काळे आधी की काशीकर?

प्रिय मधुरा,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "ग्रंथपाल व्हायला निघालीस ना, मग हे एचटीएमएल कसलं शिकतेस?" असं खदाखदा हसून विचारलंस, तर आता उत्तरही ऐसपैस ऐक. तू शिकागोत दिवसभर कोडच लिहितेस, तेव्हा सोपं तेवढं पटकन उरकते. एचटीएमएल आम्हा तालिकीकरणवाल्यांना मुळीच परकं वाटत नाही. मार्क या आमच्या संगणकीय नोंदींच्या साच्यात २४५ या क्षेत्रात शीर्षक, १०० मध्ये लेखक आणि त्यांच्या पोटात उपक्षेत्रं. तुमच्याकडे टॅगच्या पोटात टॅग. हा मार्क हेन्रिएट ॲव्रम नावाच्या बाईंनी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात उभा केला, म्हणजे वेबच्या वीसेक वर्षं आधी. सीएसएसबद्दल मात्र काही विचारू नकोस. एक चौकोन पानाच्या मधोमध आणायला माणसाने इतका जीव का काढावा, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आम्हाला वर्गात एखाद्या लेखकाची छोटीशी तालिका वेबवर करायला सांगितली होती. मी चिं. त्र्यं. खानोलकर घेतले, मुद्दामच. ड्युईच्या वर्गीकरणाच्या हिशेबाने मराठी कविता ८९१.४६१ मध्ये, नाटक ८९१.४६२ मध्ये आणि कादंबरी ८९१.४६३ मध्ये. म्हणजे 'एक शून्य बाजीराव' एका फळीवर, 'कोंडुरा' दुसऱ्या, आणि 'नक्षत्रांचे देणे' तिसऱ्याच, तेही आरती प्रभू या नावाने! नवख्या वाचकाला हा सगळा एकाच माणसाचा उद्योग आहे हे कपाट काही सांगत नाही. ते सांगायचं तालिकेने. लाकडी खणातली, भोकात दांडी ओवलेली ती पत्रं तू कॉलेजात पाहिली असशील. त्यातल्या एका पत्रावर "आरती प्रभू; हेही पहा: खानोलकर, चिं. त्र्यं." एवढंच लिहिलेलं असतं. हा दुवाच की! फक्त क्लिक करायचं तर उठून दुसऱ्या खणापर्यंत जायचं.

उलट एका बाबतीत खणच वरचढ. "हेही पहा" आम्ही दोन्ही पत्रांवर लिहितो, खानोलकरांच्या पत्रावर आरती प्रभूंची आठवण असतेच. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्नला मांडलेल्या वेबवरचा दुवा मात्र एकेरी. आपल्याकडे कोण बोट दाखवतंय याचा त्या पानाला पत्ताच नसतो. म्हणून तर वेब एवढी भराभर पसरली, कुणाची परवानगी लागली नाही. आणि म्हणूनच पान हललं की बोट दाखवणारे सगळे तोंडघशी पडतात.

यावरून आठवली आमची दाखल नोंदवही. पुस्तक हरवलं, फाटलं, वाळवीने खाल्लं, तरी त्याचा दाखल अंक दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. ओळ तशीच ठेवायची आणि शेऱ्याच्या रकान्यात 'गहाळ' किंवा 'बाद' लिहायचं. वेबवर बघावं तर जिकडेतिकडे ४०४. म्हणजे सापडत नाही. का, ते विचारू नका. पण अगं, ४१० नावाचाही एक कोड आहे! त्याचा अर्थ, इथे होतं, आता कायमचं काढलंय. आमच्या 'बाद'चा सख्खा भाऊच. हा कोड कळल्यावर मला जितका आनंद झाला, तितका जावास्क्रिप्टच्या अख्ख्या प्रकरणाने झाला नाही. वापरत मात्र फारसं कुणी नाही. पानांचे पत्ते बदलू नका, असं स्वतः बर्नर्स-लींनी १९९८ मध्ये एका लेखात बजावलं होतं. कुठल्याही गावातल्या जुन्या ग्रंथपालाला ते सांगावं लागलं नसतं.

जावास्क्रिप्टने मला छळलं ते अनुक्रमाच्या बाबतीत. लेखकांची यादी लावायला सांगितली, तर काळे काशीकरांच्या आधी! आपल्या वर्णमालेत 'ळ' 'ह'च्याही पुढे, पण युनिकोडमध्ये त्याची जागा 'ल'ला चिकटून. ती मांडणी इस्की या आधीच्या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतलेली आहे, सगळ्या भारतीय लिप्यांना एकाच साच्यात बसवणारी. क्षीरसागर तर थेट 'क'च्या शेपटाला. मराठीचा क्रम वेगळा समजावून द्यावा लागतो, आणि तो देण्याची तसदी घेणाऱ्या वेबसाइट थोड्याच. वाचकाचा वेळ वाचवा हे आमच्या ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांनी १९३१ मध्ये सूत्र म्हणून मांडलं. चुकीच्या क्रमाच्या यादीत काळे शोधत बसलेल्या वाचकाचा कसला वेळ वाचतो? तुम्ही कोडवाले याला किरकोळ म्हणाल. मी म्हणणार नाही.

आता तुला एक काम. १९६२ पासून अमेरिकन ग्रंथालयांना भारतातली पुस्तकं पी.एल. ४८० या अमेरिकन कायद्याखाली मिळू लागली. त्याच कायद्याने आलेल्या ज्या गव्हाच्या नावाने माझी आजी अजून नाक मुरडते, त्याच गव्हाचे इथे जमलेले रुपये त्या पुस्तकांवर खर्च झाले. म्हणून तिकडे मराठी पुस्तकांचे एवढे साठे. शिकागो विद्यापीठाच्या रेगनस्टीन ग्रंथालयाची तालिका उघड आणि 'रात्र काळी घागर काळी' शोध. आपण व्हॉट्सॲपवर लिहितो तशा स्पेलिंगने नको हं. तिकडे रोमन लिपीत लिहायचा तक्ता ठरलेला आहे, त्यात अक्षरातला 'अ' कधी गाळत नाहीत. तेव्हा 'घागर'च्या शेवटी एक ए जास्त टाक. 'नक्षत्रांचे देणे' शोधलंस तर 'च'साठी नुसता सी. सापडलं तर नोंदीचा स्क्रीनशॉट पाठव, आणि मूळ देवनागरी ८८० या क्षेत्रात दिलीय का तेवढं बघ.

तुझी,
शलाका