सातवी खुंटी

मे महिन्यातल्या एका सकाळी माझा कम्प्युटर सुरू होईना. बटण दाबलं की आतले पंखे फिरायचे, दिवा लागायचा, पण स्क्रीन काळीच राहायची. आदल्या रात्री दोनदा वीज गेली होती, आणि दुसऱ्यांदा आली तेव्हा खोलीतला बल्ब क्षणभर भलताच उजळला होता. झाशीच्या उन्हाळ्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. मला मात्र धस्स झालं, कारण त्या कम्प्युटरच्या डिस्कवर माझ्या आत्याचा आवाज होता.

आत्या जानेवारीत गेली. त्याआधीच्या दोन हिवाळ्यांत तिच्यासमोर रेकॉर्डर ठेवून मी तिला बोलतं केलं होतं. साधारण अकरा तासांचं बोलणं. ती झाशीत जन्मली आणि झाशीतच म्हातारी झाली. महाराष्ट्र तिने चार-पाच लग्नांपुरता पाहिला. आमच्यासारखी मराठी घरं इथे अठराव्या शतकापासून आहेत. छत्रसालाने बाजीरावाला बुंदेलखंडातला वाटा दिला, १७४२ मध्ये नारो शंकर सुभेदार म्हणून झाशीत आला, आणि त्यांच्या मागून कारकून आले, भिक्षुक आले, शिलेदार आले. १८४२ मध्ये ज्या गणेश मंदिरात राणी लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, ते किल्ल्याखालचं मंदिर अजून आमच्या लोकांच्या जाण्यायेण्यातलं आहे. आमची मराठी मात्र पुण्याच्या माणसाला पहिल्या वाक्यालाच खटकते. तिच्यात हिंदी मुरली आहे, बुंदेली मुरली आहे. आत्याच्या बोलण्यात तर फारच.

ते बोलणं मराठीत उतरवायचं, मग त्याचा हिंदी अनुवाद करायचा आणि दोन्ही मिळून लहानसं पुस्तक करायचं, असं माझं काम चाललं होतं. उतरवलेला मराठी मजकूर पुण्याच्या संपादकांना मेलने गेला होता. मूळ आवाज फक्त त्या एका डिस्कवर होता. दुसरी प्रत मी केली नव्हती. का केली नव्हती, हे ज्यांनी स्वतःही केलेली नाही त्यांना विचारावं.

कम्प्युटर मी स्वतः जुळवलेला आहे. तौलनिक साहित्यात एम.ए. केलेल्या बाईने हे का करावं, याचं कारण सरळ होतं: सुटे भाग आणून जोडले तर स्वस्त पडतं, आणि घरात बाबा होते. ते झाशीजवळच्या भेलच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या तपासणी विभागात होते. कम्प्युटरचं त्यांना काही कळत नाही असं ते स्वतः सांगतात. पण चार वर्षांपूर्वी एकेक भाग मी बसवत होते तेव्हा ते खुर्ची ओढून शेजारी बसले होते. या उन्हाळ्यात पेटी फार तापते म्हणून, बिघाडाच्या दहा दिवस आधी, मी सगळं सामान काढून जास्त पंख्यांच्या नव्या कॅबिनेटमध्ये बसवलं होतं. त्या वेळी बाबा डोळ्याच्या ऑपरेशनमुळे आडवे होते. मी एकटीने केलं आणि त्याचा मला अभिमानही वाटला.

आधी मी दुकानात फोन केला. लक्षणं ऐकून पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, बोर्ड गया." त्या जातीचा बोर्ड आता मिळत नाही, म्हणजे प्रोसेसर नवा, मेमरीही नवी. आणि डिस्क? "वो तो देखना पड़ेगा. झटका लगा होगा तो वो भी जा सकती है."

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी डिस्क बाहेर काढ. जे जपायचं ते बाजूला ठेव, मग प्रयोग कर." मी डिस्क सोडवली आणि आत्याच्याच एका सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवली. बाहेरून जोडायची केबल मागवली, ती चार दिवसांनी येणार होती. तोवर डिस्क जिवंत आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. आणि आतलं नेमकं काय बिघडलंय हे कळेपर्यंत ती परत त्या पेटीला लावायची माझी छाती नव्हती.

मग आम्ही जमिनीवर सतरंजी टाकून बसलो. बटण दाबल्यावर विंडोज वगैरे यायच्या कितीतरी आधी कम्प्युटर आपल्या घरच्यांची हजेरी घेतो: प्रोसेसर आहे का, मेमरी आहे का, चित्र दाखवायची सोय आहे का. एक जण जरी गैरहजर असला तरी तो पुढे सरकत नाही. पण चित्रच दाखवता येत नसेल तर तक्रार दाखवणार कुठे? म्हणून बोर्डावर एक लहान भोंगा लावायची जागा असते. मेमरी नसली की तो लांब लांब ओरडतो. तो भोंगा जुन्या पेटीत होता, नव्या पेटीबरोबर आलाच नव्हता. जुन्यातला काढून लावला.

पहिल्यांदा वीजपुरवठा. एसएमपीएसच्या २४ पिनांच्या जोडातली हिरवी तार कागदाच्या क्लिपने काळीला जोडली की बोर्डाशिवायही तो सुरू होतो. पंखा फिरला. बाबांनी मल्टिमीटर लावला: पिवळ्या तारेवर १२.१, लालवर ५, नारिंगीवर ३.३. मी खूश झाले. बाबा म्हणाले, "भाराशिवाय घेतलेलं माप म्हणजे पाहुण्यांसमोरचं पोर. गुणीच दिसणार. पण पुढे चल."

मग बोर्डावरची रुपयाएवढी बॅटरी. तीन व्होल्ट हवेत, होते. मेमरीच्या पट्ट्या काढल्या, आपल्याकडे सगळेच करतात तसं खोडरबराने त्यांचे सोनेरी दात घासले. घासून झाल्यावर मी एक पट्टी दुसऱ्या खाचेत बसवायला घेतली आणि त्याच वेळी बॅटरीही काढायला लागले. बाबांनी हात धरला. "एका वेळी एकच बदल. दोन केलेस आणि चालू झालं, तर काय चुकलं होतं ते तुला कधीच कळणार नाही. न कळता चालू झालेलं यंत्र न कळता बंद पडतं."

काहीच चाललं नाही. शेवटी मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढून टाकल्या. आता निदान भोंग्याने ओरडावं! तो गप्प. ही शांतता मला त्या काळ्या स्क्रीनहून वाईट वाटली. जो तक्रारही करत नाही तो गेलाच, असं मनात आलं. दुकानातल्या मुलाचं खरं होतं तर.

त्या रात्री झोप लागली नाही. डोक्यात विष्णुभट गोडसे होते. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५८ च्या वेढ्यात झाशीत अडकले होते. शहर पडल्यावर राणीच्या वाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची झालेली नासधूस त्यांनी लिहून ठेवली आहे. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापलं, पण स्वतःच्या हाताने बरंच बदलून. इंग्रजी राज्य होतं, भाषा सुधारायची हौस होती. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. तरी १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून पुस्तक काढलं, तोवर जवळपास सहा दशकं वाचकांच्या हाती विष्णुभट होते ते वैद्यांच्या हातून गेलेले. हस्तलिखित टिकलं म्हणून पोतदारांना मागे जाता आलं. माझी डिस्क गेली असेल, तर आत्याचं जगात काय उरणार होतं? मी उतरवलेला मजकूर. आणि तो मी कसा उतरवलाय हे फक्त मला माहीत होतं.

सकाळी बाबा म्हणाले, "बोर्ड पेटीबाहेर काढ." मी तो पुठ्ठ्यावर ठेवला. प्रोसेसर, पंखा, मेमरीची एक पट्टी, एसएमपीएस, स्क्रीनची तार. इतकंच. चालू करायच्या बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं. स्क्रीनवर अक्षरं आली. मी ओरडलेच. बाबा मात्र म्हणाले, "आता परत आत बसव." बसवला. काळी स्क्रीन. पुन्हा बाहेर काढला. अक्षरं.

"बाहेर चालतं, आत चालत नाही. मग बोर्डात दोष कुठेय?" त्यांनी टॉर्च मागितला आणि रिकाम्या पेटीत वाकून पाहिलं. बोर्ड पेटीच्या पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पितळी खुंट्या असतात, बोर्डाच्या भोकांच्या बरोबर खाली. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने बाबांनी त्या मोजल्या. "बोर्डाला भोकं किती?" सहा. "इथे सात आहेत."

सातवी मीच लावली होती. आमचा बोर्ड अरुंद आहे, त्याची उजवी कड अधांतरी राहते. २४ पिनांचा जोड तिथेच दाबून बसवावा लागतो आणि दाबताना कड खाली वाकते. मला भीती वाटली, मोडेल. म्हणून पेटीबरोबर आलेली एक जास्तीची खुंटी तिथे आधाराला लावली. बोर्डाला त्या जागी भोक नाही, याचा अर्थ तिथे आधार नको आहे, हे सुचलं नाही. बोर्ड उलटा करून पाहिला. हिरव्या थरावर पितळेचा बारीक गोल उमटला होता आणि त्यात तांबं दिसत होतं. दहा दिवस तो थर मधे होता म्हणून चाललं. तो घासून गेला आणि एक वाट पत्र्यात उतरली. त्या रात्रीच्या विजेचा काही संबंध नव्हता. बाबांनी तांब्यावर इन्सुलेशन टेपचा तुकडा लावला, मी सातवी खुंटी काढली, बोर्ड बसवला, आणि कम्प्युटर सुरू झाला.

डिस्क त्या दिवशी मी लावली नाही. केबल आल्यावर, शेजाऱ्यांच्या लॅपटॉपला जोडून आधी दोन प्रती केल्या. सगळं शाबूत होतं. मग पहिली फाइल उघडली, माझा मजकूर समोर धरला आणि नुसतं ऐकत बसले.

आत्या म्हणत होती, "मला इथंच चांगलं लागतं." मी लिहिलं होतं, "मला इथेच बरं वाटतं." मी ते चुकून लिहिलं नव्हतं. वाचकाला अडखळायला होईल, आत्या अडाणी वाटेल, म्हणून आधार दिला होता. मराठीत चांगलं लागतं ते जिभेला, आमटी किंवा आंबा. हिंदीतलं 'अच्छा लगना' आत्याच्या मराठीत शिरलं आणि तिला झाशी चवीसारखी लागू लागली. माझ्या दुरुस्त मराठीवरून मी हिंदी केलं तेव्हा लिहिलं होतं, 'मुझे यहीं सुकून मिलता है'. म्हणजे हिंदीतून आलेला शब्द मी मराठीत पुसला, आणि हिंदीत परत जाताना तिथे भलताच शब्द बसवला. असे आधार मी पानोपानी दिले होते. वाक्यं छान चालत होती. फक्त त्यांत आत्या कुठे ऐकू येत नव्हती.

महिनाभर बसून सगळं पुन्हा उतरवलं. एका वेळी एकच बदल: आधी मराठी तिची तिला परत करायची, ती पुरी झाल्यावर मगच हिंदीला हात लावायचा. काही ठिकाणी मी खरंच काही कळत नाही असं वाक्य ठेवलं आहे, कारण तिथे बोलताना तिलाही कळत नव्हतं. २४ पिनांचा तो जोड दाबताना कड अजून वाकते. मी ती दुसऱ्या हाताने धरते.

परवा पुण्याहून मुद्रितं आली. 'चांगलं लागतं'खाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात लिहिलं होतं: "वाटतं हवं का?" मी खाली लिहिलं, "नको. लागतंच राहू द्या."