संगीताच्या तासास अनावृत पत्र

प्रिय संगीताच्या तासा,

दिवाळीची सुट्टी संपली की तू ‘तालीम’ होतोस. समूहगीत स्पर्धा, स्नेहसंमेलन, प्रजासत्ताक दिन, एकामागून एक. मी पेटीच्या साथीला शाळाशाळांतून जातो, म्हणून तुला जवळून पाहतो. तोच अंतरा पुन्हा पुन्हा घोटून गाणं सुरेख बसतं, टाळ्याही पडतात. पण नवं गाणं आलं की तीच मुलं पहिल्या ओळीपासून पुन्हा सरांच्या तोंडाकडे बघत बसतात.

तालीम हवीच. शेजाऱ्याचा आवाज ऐकत आपला त्यात मिसळणं, सगळ्यांनी मिळून समेवर येणं, हे घोळक्यात उभं राहूनच जमतं. पण बसवायला घेतलेल्या गाण्याच्या पोटातही शिकण्यासारखं केवढं असतं! गाणं भूपातलं असेल तर पाच मिनिटं थांब. काळी एकचा सा धर. शुद्ध गंधार पांढरी चारवर येतो. तिथलं बोट पांढरी तीनवर सरकव, बाकीचे स्वर तसेच ठेव आणि तीच ओळ गाऊन घे. कोमल गंधारानं शिवरंजनीचे स्वर आले आणि प्रसन्न ओळ एकदम व्याकूळ झाली. सातवीच्या एका वर्गात हे केलं तेव्हा मागून आवाज आला, “सर, आता तिथे मध्यम लावून बघा ना!” लावला, तर दुर्गाचे स्वर! त्या मुलानं दुर्गाचं नावही ऐकलेलं नव्हतं.

पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपी घडवली. भातखंड्यांनी बंदिशी लिहून क्रमिक पुस्तकांत आणल्या. गाणं कागदावरून वाचता यावं यासाठी या दोघांनी आयुष्य वेचलं. आपल्या मुलांना मात्र कोमल स्वराखालची आडवी रेघही ओळखता येत नाही. ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ २०२३ पासून राज्यगीत आहे, शाळेत म्हटलं जातं. त्याची चाल श्रीनिवास खळ्यांची, हे त्यांना कोण सांगणार?

आणि एक गोष्ट मला अजिबात सहन होत नाही. आठवी-नववीत मुलाचा आवाज फुटतो, काळी चारची पट्टी त्याला झेपत नाही, आणि त्याला सांगितलं जातं, “तू नुसते ओठ हलव.” अरे, तो गायला आलाय! आवाज का बदलतोय हे त्याला समजावून सांग. खालच्या सप्तकातला सा धरायला दे, त्याच्या गळ्याला सोसेल अशी ओळ दे. असे चार जण मागे उभे राहिले तर गाणं भरदारच होईल.

पस्तीस मिनिटांत हे कसं बसवायचं, असं तू विचारशील. यंदा दोनाऐवजी एकच गाणं बसव. दुसऱ्या गाण्याचे तास मुलांना दे: आठ मात्रांचा केरवा हातावर धरायला, चार ओळींचं स्वरलेखन वाचायला, आणि एखादी चाल स्वतः बांधून बघायला. ती चाल कच्ची असली तरी स्नेहसंमेलनात म्हणू दे. पेटीला मी आहेच.

तुझा,
एक साथीदार