न फुटलेला कंठ

सातवीत माझा आवाज फुटला. शाळेच्या प्रार्थनेला मी पहिल्या रांगेत असे. एका सोमवारी वरच्या सुरावर आवाज असा चिरकला की अख्खी रांग हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी मागे. घरी आजी मात्र खुशीत म्हणाली, "कंठ फुटला गं पोराला!" काचही फुटते आणि पालवीही. आजीला पालवी दिसली होती.

हे सगळं आठवलं ते आलेस्सांद्रो मोरेस्कीमुळे. रात्री मोबाइलवर त्याचं 'आव्हे मारिया' लावलं होतं. 1904 सालची ध्वनिमुद्रिका, तव्यावर काहीतरी तडतडावं तशी खरखर, आणि तिच्यातून वर चढत गेलेला एक आवाज. बाईचा म्हणावा तर बाईचा नाही, मुलाचा म्हणावा तर त्यामागचा दम मोठ्या माणसाचा. प्रत्येक सुराआधी एक हुंदका. आतल्या खोलीतून आईनं विचारलं, "कोण रडतंय रे?"

मोरेस्की कास्त्रातो होता. वयात येण्याआधीच मुलाला खच्ची करायचं, म्हणजे स्वरतंतू लांबत नाहीत, सूर बाळपणीच्या उंचीवर राहतो. छाती मात्र वाढते आणि श्वास पुरुषाचा मिळतो. 'खच्चीकरण' हा शब्द आपण अग्रलेखांत इतका झिजवलाय की त्यात सुरी असते हे विसरायला होतं. चर्चमध्ये बायकांनी गायचं नाही, पण वरची पट्टी तर हवी. त्यावर काढलेला हा तोडगा. पुढे ऑपेराला त्याचं वेड लागलं. फारिनेल्ली या कास्त्रातोला 1737 साली माद्रिदला नेलं ते स्पेनच्या राजाची उदासी घालवायला. असा फारिनेल्ली एखादाच. बाकीची गरिबाघरची पोरं कुठल्या कुठल्या गावच्या चर्चमध्ये गात म्हातारी झाली. त्यांची नावं कोण सांगणार?

1770 साली चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीतज्ञ इटलीभर फिरला. ही शस्त्रक्रिया होते तरी कुठे, असं तो विचारत होता. मिलानवाले म्हणाले, व्हेनिसला. व्हेनिसवाल्यांनी बोलोन्याकडे बोट दाखवलं. बोलोन्यानं कानांवर हात ठेवून फ्लोरेन्सला पाठवलं, फ्लोरेन्सनं रोमला, रोमनं नेपल्सला. कायद्यानं मनाई होती ना! गाणं सगळ्यांचं, सुरी कुणाचीच नाही. मला या हकिकतीचा राग येतो आणि मग जाणवतं, त्या रात्री मीही मोरेस्कीची ती ध्वनिमुद्रिका चार वेळा ऐकली होती.

मराठी माणसाला पुरुषानं नऊवारी नेसून गाणं नवं नाही. पण बालगंधर्वांचा गळा वयात आलेल्या पुरुषाचा होता. त्यातलं मार्दव त्यांनी स्वतः कमावलेलं. तिथं कुणी काही कापून घेतलं नव्हतं. आपल्या काळात मायकेल मॅनिॲकी किंवा सॅम्युअल मारिन्योसारखे पुरुष सोप्रानोच्या वरच्या पट्टीत गायले, तेही शस्त्राविना. 1994 च्या 'फारिनेल्ली' चित्रपटासाठी तर एक पुरुष आणि एक बाई असे दोन आवाज यंत्रावर जुळवावे लागले. चित्रपट देखणा आहे, आवाजही गोड आहे. मोरेस्कीचा मात्र अंगावर येतो. कधी सुराला खालून धरतो, कधी घसरतो, आणि तरीही थांबून ऐकायला लावतो.

1883 पासून मोरेस्की व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपेलमध्ये गात होता. 1903 साली पोप दहावे पायस यांनी फर्मान काढलं की वरचे सूर यापुढे लहान मुलांनी गावेत. त्याची ध्वनिमुद्रणं 1902 आणि 1904 ची, म्हणजे दार मिटण्याच्या ऐन आगेमागे. ती करणाऱ्या ग्रामोफोन कंपनीनंच 1902 मध्ये कलकत्त्याला गायिका गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं. एकीकडे गाण्याची एक जात संपत होती, दुसरीकडे बैठकीतलं गाणं घरोघर निघालं होतं.

1922 साली मोरेस्की रोममध्ये वारला. एकट्यानं गायलेलं गाणं मागे ठेवून गेलेला तो एकमेव कास्त्रातो. ऐकणार असाल तर कानात खुपसून ऐकू नका. घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं लावा. कुणीतरी विचारील, कोण रडतंय. तेव्हा नाव सांगा.