लाव्हादीपांचा जीर्णोद्धार

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यातील पूल या बंदराच्या गावी, क्रेस्टवर्थ नामक कारखान्यातून १९६३ साली ‘अ‍ॅस्ट्रो’ नावाचा जो दिवा बाजारात आला, त्याच्या उजेडात पुस्तक वाचता येत नाही. त्याच्याकडे पाहत मात्र तासन्‌तास बसता येते. युद्धकाळात वैमानिक असलेल्या एडवर्ड क्रेव्हन वॉकर यांनी एका मद्यगृहात, अंडे उकडण्याचा अवधी मोजण्यासाठी कोणी घडवलेले, द्रव आणि मेण एकत्र कोंडलेले ओबडधोबड उपकरण पाहिले, आणि दीर्घ खटपटीअंती त्यातून हा दीप सिद्ध केला. अमेरिकेच्या पेटंट-दफ्तरी १९६८ साली शोधकर्ता म्हणून नमूद झालेले नाव मात्र डेव्हिड जॉर्ज स्मिथ यांचे आहे, आणि जुने दिवे जमविणाऱ्यांनी वॉकर यांच्याबरोबर त्यांचेही स्मरण ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

घनतेच्या अतिसूक्ष्म फरकावर या दिव्याचे सारे चैतन्य अवलंबून असते. तळच्या बल्बची उष्णता लागून मेण वितळते, प्रसरण पावते, भोवतालच्या द्रवाहून किंचित हलके होऊन वर निघते, माथ्याशी निवते आणि पुन्हा जड होऊन खाली उतरते, जेथे तारेच्या वेटोळ्याच्या स्पर्शाने विलग झालेले गोळे परत एकजीव होतात. वर चढताना त्या मेणाची मान लांबते, कंठ बारीक होत जातो, आणि तो तुटण्याच्या क्षणी पाहणाऱ्याचा श्वासही नकळत थबकतो.

अशा नाजूक तोलाच्या वस्तूस जडणाऱ्या व्याधी बहुधा माणसाच्या उतावीळपणातून उद्भवतात. तापलेला दिवा हलवला की मेण द्रवात मिसळून गढूळपणा येतो. उन्हात ठेवला की रंग उडतो. अधिक शक्तीचा बल्ब बसवला की मेण माथ्याशीच तरंगत राहते. अलीकडे तर तंतूचा बल्ब दुर्मिळ होत चालला असून, त्याच्या जागी लावलेला एलईडी उजेड देतो पण पुरेशी ऊब देत नाही, त्यामुळे मेण तळाशी निपचित पडते आणि धनी समजतो की दिवा निकामी झाला. म्हणून आधी धातूची बैठक पुसावी, जीर्ण वायर जाणत्या कारागिराकडून बदलून घ्यावी, योग्य शक्तीचा तापणारा बल्ब लावावा, आणि मग काही तास हात मागे घ्यावा. गढूळलेली बाटली थंड व निश्चल ठेवल्यास कधी कधी आपोआप निवळते. न करण्याचा हा संयम मला या कामातील सर्वांत मोठे कौशल्य वाटते.

याला एक गंभीर कारणही आहे. आरंभीच्या दिव्यांत मेण जड करण्यासाठी कार्बन टेट्राक्लोराइड घालण्याचा शिरस्ता होता. यकृतास अपाय करणारे हे द्रव्य घरगुती वस्तूंत वापरण्यास अमेरिकेत १९७० साली मनाई झाली. तेव्हा जुन्या दिव्यांच्या धन्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, द्रव कितीही मळकट दिसला तरी त्या काळच्या बाटलीचे झाकण उघडू नये. क्रेस्टवर्थचा वारसा चालविणारा मॅथमॉस हा कारखाना पूल येथेच आजही हे दिवे घडवतो आणि सुट्या बाटल्याही विकतो. जुळेल ती नवी बाटली जुन्या बैठकीवर बसवावी, आणि मूळची बाटली तशीच मोहरबंद जपून ठेवावी.