हवेची वही



माझी सून मुलुंडला राहते. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्याकडे पाऊस आहे का गं?" पाऊस नसला तर "उकाडा किती आहे?" ती हसून म्हणते, "आई, तुमची पहिली पाच मिनिटं हवामानखात्याची!" तिला वाटतं, बोलायला दुसरं काही नसलं की माणसं हवेवर बोलतात. पण कुणाला भरतकाम आवडतं, कुणाला भजन, तसं मला आभाळ बघायला आवडतं. आज त्याबद्दलच लिहिते. या आवडीने मला रोज सकाळी उठवलं आहे, उठावंसं वाटत नव्हतं त्या दिवसांतसुद्धा.

बोरिवलीला आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची, आभाळ नावालाच. २०१४ साली आमचे हे निवृत्त झाले आणि आम्ही मनोरीला आलो. इथे एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. मालाडला जायचं तर फेरीबोटीने मार्वेला उतरायचं, नाहीतर गोराई, उत्तन करत भाईंदरचा मोठा वळसा घ्यायचा. वाऱ्याचा जोर वाढला की बोट थांबते. त्यामुळे भाजी आणायची की घरातली मूगडाळ शिजवायची, हे सकाळी आभाळ बघूनच ठरतं.

२०१९ च्या कार्तिकात हे गेले. त्यानंतर दोन-तीन महिने मला दिवस कुठून सुरू करावा तेच कळेना. देवासमोर बसायचे, पण मन बसायचं नाही. एक दिवस कपाटात यांची कोरी हिशेबाची वही सापडली. मी १९८१ ची सांगलीची बी.कॉम. आहे. आखलेले रकाने दिसले की हात शिवशिवतात. तारीख, सूर्योदय, सूर्यास्त, तापमान, वारा, पाऊस आणि शेवटी शेरा, असे रकाने पाडले आणि पहिली ओळ लिहिली. दुसऱ्या दिवशी दुसरी ओळ लिहायची म्हणून उठले. हिशेबाच्या वहीत एक दिवस कोरा ठेवता येत नाही ना, तसंच झालं.

पाऊस मोजायला महागडं काही लागत नाही. तळापासून तोंडापर्यंत सरळ अशी काचेची बरणी घ्यायची, बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवायची आणि भिंती-झाडांपासून लांब, मोकळ्यावर ठेवायची. हवामानखातं पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतं, म्हणून मीही साडेआठलाच वाचते. वाचून झालं की पाणी लगेच जास्वंदीच्या मुळाशी ओतते आणि बरणी पुसून ठेवते. पाणी साचलं तर डासांची अंडी, अळ्या होणार आणि मग ते ओतताना जीवहिंसा. कोरड्या दिवसांत बरणी पालथी. वाणिज्यवाल्यांसाठी एक सोपा हिशेब सांगते. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लीटर पाणी. माझी गच्ची २० चौरस मीटरची. ज्या दिवशी ५० मिलिमीटर पडतो, त्या दिवशी एवढ्याशा गच्चीवर हजार लीटर पाणी येऊन जातं. हे मोजायला लागल्यापासून नळ उघडा ठेवणाऱ्यांचा मला फार राग येतो!

मोजण्यावरून अण्णा मणींची आठवण होते. १९१८ साली केरळात जन्मलेल्या या बाईंना शिकायचं होतं भौतिकशास्त्र. इंग्लंडला जायला शिष्यवृत्ती मिळाली ती हवामानाच्या उपकरणांसाठी. त्यांनी ती घेतली, १९४८ साली परत येऊन पुण्याच्या हवामानखात्यात रुजू झाल्या आणि परदेशातून येणारी उपकरणं आपल्याकडेच बनावीत म्हणून झटल्या. शंभरेक उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले. जे वाट्याला आलं, त्यातच जीव ओतला. माझ्या बरणीवरची पट्टी वाचताना त्यांचं नाव मनात येतंच.

आता स्वयंपाकघराकडे येते. आपल्या धर्मात हवामान किती मुरलेलं आहे, हे मला वही लिहायला लागल्यावर नीट दिसलं. लहानपणी आई मर्यादेचं पीठ दळायची. पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि थंडीत ७ दिवस. तेव्हा तो नुसता नियम वाटायचा. दमट हवेत पिठात जीव लवकर पडतात, कोरड्या थंडीत उशिरा, एवढं साधं निरीक्षण त्यामागे आहे. रात्रिभोजनाचा त्याग असणाऱ्या घराला तर सूर्यास्ताचा रकाना पाठच हवा. मुंबईत नोव्हेंबरच्या शेवटी साधारण ६ वाजताच सूर्य मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला ७ वाजून २० मिनिटांच्या आसपास. म्हणजे वर्षभरात कुकरची वेळ सव्वा तासापेक्षा जास्त पुढेमागे होते. आणि चातुर्मास? पावसाने जमीन जिवंत झाली, पावलागणिक जीव आहेत, म्हणून मुनिमहाराजांनी चार महिने एका जागी थांबायचं. पहिल्या सरीनंतर अंगणात लाल मखमली मृगाचे किडे दिसले की मीही चपला जपून टाकते.

पण या वहीने मला सगळ्यात जास्त काही शिकवलं असेल, तर ते अनेकांतवादाबद्दल.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, तासगावजवळ. भावाची द्राक्षबाग आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं शेडमधल्या जाळ्यांवर पसरून बेदाणा करतात. त्या दिवसांत पाऊस आला की बेदाणा काळा पडतो आणि भाव उतरतो. इथे मनोरीत माझी शेजारीण कोळी आहे. पावसाळा संपला की त्यांच्या अंगणात बांबूंवर बोंबील वाळत असतात. पहिल्या वर्षी मला तो वास जड गेला, खोटं कशाला बोलू. आता मी त्या दिशेची खिडकी तेवढी लावून घेते आणि आमच्या गप्पा दारात होतात. आणि माझ्या गच्चीवर उन्हाळ्यात पापड, कुरडया. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रात अवकाळी पाऊस झाला तेव्हा भावाने फोन केला, शेजारीण हाक मारत आली आणि मी गच्चीवर धावले. तीन घरं, तीन धंदे, आणि काळजी एकच. तोच पाऊस जूनमध्ये आला असता तर भावाने विहिरीला पाणी आलं म्हणून देवाला नारळ फोडला असता.

२६ जुलै २००५ तर सगळ्यांनाच आठवतो. त्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच शहरात, त्याच दिवशी, कुलाब्याला जेमतेम ७३. कुलाब्याच्या माणसाने "पाऊस झाला, पण फार नाही" म्हटलं असतं तर तो खोटारडा ठरला नसता. ज्याची बरणी जिथे, त्याचं सत्य तिथलं. भांडण करण्याआधी समोरच्याची बरणी कुठे ठेवलेली आहे ते विचारावं, असं मी आता सुनेलाही सांगते आणि स्वतःलाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. लक्षद्वीपजवळ ते तयार होत असल्याच्या बातम्या मी दोन दिवस लिहून ठेवत होते. शेजारणीचा धाकटा मुलगा बोटीवर होता. ती रोज येऊन विचारायची, "ताई, आज काय सांगतात गं?" १५ तारखेच्या रात्री त्याची बोट खाडीत परत आली. १७ ला वादळ मुंबईसमोरून गुजरातकडे गेलं. दिवसभर घराचे पत्रे वाजत होते, माड जमिनीला टेकतील असे वाकत होते. त्याच दिवशी भर समुद्रात पी-३०५ नावाचा तराफा कामगारांसह उलटला आणि कितीतरी घरांतले कर्ते गेले.

त्या बोटीसाठी मी दोन रात्री णमोकार म्हटला होता. मनात प्रश्न आला होता, ही बोट मासे मारायला जाते आणि मी तिच्यासाठी जप करते, हे कसं? फार वेळ त्यावर बसले. उत्तर एवढंच सापडलं की तो पोरगा जीव आहे आणि मासाही जीव आहे. जीव वाचावा असं वाटताना मला निवड करायची गरज नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोटीही किनाऱ्यावर आणि मासेही निर्धास्त. ते दोन महिने माझ्या मनाला सगळ्यात हलके जातात.

आमच्या स्वाध्याय मंडळातल्या एक ताई म्हणाल्या, "ही आवड म्हणजे रागच की. पावसावर प्रेम, उन्हावर नाराजी." त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलं. तेव्हापासून शेऱ्याच्या रकान्यात "छान" आणि "वाईट" हे शब्द मी लिहीत नाही. "आर्द्रता जास्त, वारा नैर्ऋत्येचा, ढग खाली" एवढंच. सामायिकात ४८ मिनिटं समता ठेवणं मला अजून कठीण जातं, पण वहीत एका ओळीपुरती जमते. मृगाची पहिली सर आली की मात्र मन ऐकत नाही, अजूनही गच्चीवर जातेच.

तुम्हालाही करून बघायचं असेल तर मोठा बेत नको. दिनदर्शिकेच्या चौकटीत रोज तीनच गोष्टी लिहा: सूर्यास्ताची वेळ, वारा कुठून आला, आणि पाऊस असेल तर किती. एक वर्ष पुरं झालं की मागच्या वर्षीची तीच तारीख काढून बघा. घरात लहान मूल असेल तर बरणी वाचायचं काम त्याला द्या. माझा नातू सुट्टीत आला की साडेआठच्या आधीच पट्टीजवळ डोळा लावून बसलेला असतो.

आजची नोंद: आषाढ, सकाळपासून रिपरिप, २२ मिलिमीटर. वारा पश्चिमेचा. फेरीबोट सुरू. दुपारी मार्वेला जाऊन दुधीभोपळा आणायचा आहे.