शिट्टी

आमच्या घरात शिट्टी म्हणजे कुकरची. तिसरी झाली की गॅस बंद, नाहीतर भाताची पेज. त्या रविवारी भाचीच्या आंतरमहाविद्यालयीन हॉकी सामन्याला निघतानाही मी घरच्यांना तेवढंच बजावलं. बाकीच्या शिट्ट्या मला त्या दिवशी मैदानावर कळल्या.

भाईंदरच्या बाईला लोकलच्या गर्दीत कसं वागायचं ते शिकवावं लागत नाही. "कुठे उतरणार?" असं विचारून सीट आधीच सांगून ठेवायची. तिघींच्या बाकावर चौथीपुरतं सरकायचं. बसायला मिळावं म्हणून मीरा रोडहून उलटी भाईंदरला आलेल्या बाईशी कडाकडा भांडायचं, आणि बोरिवली यायच्या आत तिच्याच मांडीवर आपली पिशवी ठेवायची. पश्चिम रेल्वेने १९९२ साली लेडीज स्पेशल सुरू केली, पण हे कायदे काही रेल्वेने केलेले नाहीत. बायकांनी ते उभ्या उभ्या घडवले. त्या दिवशीही भाचीच्या लांबलचक पिशवीकडे बघून एकीने विचारलं, "क्रिकेट का गं?" "हॉकी," भाची म्हणाली. "मुलींचं असतं?" असं म्हणत ती बाई स्टिकसाठी जागा करायला सरकलीसुद्धा.

चर्चगेटला उतरून चालत महिंद्रा स्टेडियम गाठलं. १९८२ च्या जानेवारीत पुरुषांच्या हॉकी विश्वचषकाची अंतिम लढत इथेच झाली होती. त्याच वर्षाच्या शेवटी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत महिला हॉकी पहिल्यांदा आली आणि पुण्याच्या एलायझा नेल्सनच्या संघाने सुवर्णपदक आणलं. मनात हे सगळं घेऊन मी गॅलरीत शिरले आणि माणसं मोजली. तीसही नव्हती.

गर्दीचे सगळे कायदे मला पाठ होते. गर्दी नसते तिथे कसं वागायचं, हे मात्र मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

२ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा मैदान खचाखच भरलं होतं. तिथे एखाद्याने वेडंवाकडं ओरडलं तरी ते समुद्रात पडल्यासारखं विरून जातं. उपांत्य सामन्यात १२७ धावा करून नाबाद राहिलेली जेमिमा रॉड्रिग्ज लहान वयात महाराष्ट्राकडून हॉकीही खेळलेली आहे. अशाच एखाद्या रिकाम्या गॅलरीसमोर तीही धावली असेल. रिकाम्या गॅलरीत काहीच विरत नाही. शेंगा सोललेल्याही ऐकू येतात. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू सरकतो त्याची सरसर, स्टिकला स्टिक लागल्याचा टणत्कार, "मागे बघ, मागे!" ही गोलकीपरची हाक, सगळं पायरीवर बसून ऐकता येतं. आणि आपल्याला त्यांचं ऐकू येतं, म्हणजे त्यांनाही आपलं ऐकू जातं. हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पंधरा मिनिटांचे चार डाव. दुसऱ्या डावात आमची एक मुलगी उजव्या बगलेने चेंडू घेऊन सुटली. तेवढ्यात गॅलरीतल्या चार पोरांपैकी एकाने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. मुलगी थबकली. तिला वाटलं, पंचांची. चेंडू गेला. पोरं हसली. त्या शिट्टीत कौतुक होतं की स्टेशनबाहेर ऐकू येते ती जुनी ओळखीची घाण होती, कोण जाणे. हॉकीत मुळात प्रेक्षकाने शिट्टी मारू नये, कारण खेळ शिट्टीवर थांबतो. मुलींना तर त्या आवाजाने मैदानाबाहेरही चालता चालता थांबवलेलं असतं.

पुढच्या पायरीवर एक बाई डबा उघडून बसल्या होत्या. त्यांची मुलगी समोरच्या संघातली. त्या मागे वळल्या आणि म्हणाल्या, "बाळांनो, ती थांबली बघा तुमच्यामुळे. फायदा आमचा झाला, पण असला नको आम्हाला." आवाज चढवला नाही. डबा मात्र पोरांपुढे केला. पोरांनी खाली माना घालून एकेक ठेपला उचलला, आणि शेवटपर्यंत बसून राहिली.

मला तेव्हा वंदना कटारिया आठवली. टोकियो ऑलिंपिकमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. ४ ऑगस्ट २०२१ ला संघ उपांत्य सामना हरला, आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फोडून जातीवरून शिवीगाळ झाल्याची तक्रार तिच्या घरच्यांना करावी लागली. ती माणसं कुठल्या गॅलरीत बसली नव्हती, पण प्रेक्षकच होती. बघणाऱ्याची जबाबदारी टीव्ही बंद केल्याने संपत नाही.

शेवटचा डाव. बरोबरी. समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. आमच्या चौघी आणि गोलकीपर गोलरेषेमागे उभ्या. चौघींच्या तोंडावर मुखवटे, स्टिका जमिनीला टेकलेल्या. चेंडू आत आला, चौघी बाणासारख्या सुटल्या, फळीवर ठाण्‌ असा आवाज झाला. गोल. डबेवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर टाळी वाजवायला मला दोन क्षण जास्त लागले. ते दोन क्षण मी माझ्या नावावर लिहून ठेवले आहेत.

मग शेवटच्या मिनिटाला भाचीकडे चेंडू आला, आणि मी, जी सकाळपासून सगळ्यांच्या वागण्याचा हिशोब ठेवत होते ती मी, पायरीवरून ओरडले, "मार गं, मार!" तिने मारला. बाहेर गेला.

परतीच्या लोकलमध्ये अंधेरीपर्यंत दोघी गप्प. मग ती म्हणाली, "मावशी, डावीकडे एक जण मोकळी होती. मी तिला देणार होते. तुझा आवाज आला."

काय बोलणार? पोरांना निदान ठेपला तरी मिळाला होता.

"यायचं नाही का मी पुढच्या वेळी?"

"ये ना. पण काय करायचं ते सांगू नकोस." जरा वेळाने, खिडकीबाहेर बघत, "नुसतं नाव घे माझं. तेवढं ऐकू आलं की बरं वाटतं."

मीरा रोड गेलं. शेजारी उभ्या असलेल्या बाईने विचारलं, "कुठे उतरणार?" "भाईंदर," म्हणत मी उठले, तिच्यासाठी जागा केली, आणि झोपेला आलेल्या पोरीला हाक मारली. हळूच. नुसत्या नावाने.